'काउंटर-स्ट्राइक'मधील नकाशे : रचना, समतोल आणि स्थळभान

प्रस्तावना

संगणकीय खेळांविषयी मराठीत जे लेखन होते त्याचे साधारणतः दोन प्रकार आढळतात. एका प्रकारात पालकांची व शिक्षकांची चिंता व्यक्त होते. मुलांचा अभ्यास, डोळे, झोप आणि हिंसेचे संस्कार हे या लेखनाचे विषय असतात. दुसऱ्या प्रकारात या उद्योगाची उलाढाल आणि स्पर्धांतील बक्षिसांच्या रकमा सांगितल्या जातात. हे दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. तथापि त्यांपैकी कोणत्याही लेखनात खेळाकडे एक रचलेली वस्तू म्हणून पाहिले जात नाही. वाड्याचा चौक, नाटकाचा रंगमंच किंवा कादंबरीतील गाव यांचा विचार आपण रचनेच्या अंगाने करतो. तसा विचार संगणकीय खेळातील स्थळांचा व्हावा, ही प्रस्तुत लेखामागील भूमिका आहे.

या लेखात प्रामुख्याने 'काउंटर-स्ट्राइक' या खेळाचा विचार केला आहे. हा प्रथमपुरुषी दृष्टीचा नेमबाजीचा खेळ होय. त्यात खेळाडूला स्वतःचे शरीर जवळजवळ दिसत नाही. त्याला दिसतात ती स्वतःच्या हातातील शस्त्र आणि समोरचे स्थळ. या स्थळाला खेळाडू 'मॅप' म्हणतात. प्रस्तुत विवेचनात त्यासाठी 'नकाशा' हा शब्द योजला आहे. अर्थात एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. कागदावरील नकाशा हे भूमीचे चित्र असते. येथे मात्र नकाशा हीच भूमी असते, आणि तिच्यापलीकडे दुसरी भूमी नसते.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे मांडता येईल : चांगल्या स्पर्धात्मक नकाशाचे सौंदर्य असमान पक्षांमध्ये साधलेल्या समतोलात असते, हा समतोल साधताना नकाशातील गाव निर्मनुष्य करावे लागते, आणि असे रिकामे झालेले गाव खेळणारी माणसे नावांनी व आठवणींनी पुन्हा वसवतात. यांतील पहिल्याच गोष्टीपाशी थांबणारी समीक्षा केवळ रूपवादी ठरेल, तर दुसऱ्या गोष्टीपाशी थांबणारी केवळ आरोपवजा. तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्यावरच नकाशाचे खरे मूल्यमापन होऊ शकते.

१. खेळ आणि त्याची भूमी

'काउंटर-स्ट्राइक'चा उगम एका दुसऱ्या खेळात आहे. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने १९९८ मध्ये 'हाफ-लाइफ' हा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्याच यंत्रणेवर मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी हौसेने नवा खेळ उभारला व जून १९९९ मध्ये त्याची पहिली चाचणी-आवृत्ती विनामूल्य खुली केली. नोव्हेंबर २००० मध्ये व्हॉल्व्हने तो स्वतःच्या नावाने बाजारात आणला. त्यानंतर २००३ मध्ये १.६ ही आवृत्ती, २००४ मध्ये 'सोर्स', २०१२ मध्ये 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह' आणि सप्टेंबर २०२३ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक २' असा हा प्रवास आहे. या काळात चित्रणाची यंत्रणा बदलली, शस्त्रांचे गुणधर्म बदलले, खेळाडूंच्या पिढ्या बदलल्या. परंतु काही नकाशांचा सांगाडा मात्र टिकून राहिला. या खेळाच्या परंपरेत सातत्य राखणारी मुख्य गोष्ट नकाशा आहे, असे म्हणण्यास त्यामुळे आधार मिळतो.

विवेचनासाठी आवश्यक तेवढेच नियम येथे नमूद करतो. पाच-पाच खेळाडूंचे दोन पक्ष असतात. आक्रमक पक्षाने 'ए' किंवा 'बी' या दोन ठरावीक जागांपैकी एकीवर बॉम्ब ठेवून तो फुटेपर्यंत राखावयाचा असतो. रक्षक पक्षाने त्याला अडवावयाचे किंवा ठेवलेला बॉम्ब निकामी करावयाचा असतो. फेरीची वेळ १ मिनिट ५५ सेकंद. बॉम्ब ठेवल्यावर तो ४० सेकंदांनी फुटतो. तो निकामी करण्यास १० सेकंद लागतात आणि त्यासाठीचे साधन विकत घेतलेले असल्यास ५. मारला गेलेला खेळाडू त्या फेरीत परत येत नाही. सध्याच्या आवृत्तीत १२ फेऱ्यांनंतर पक्षांची अदलाबदल होते आणि आधी १३ फेऱ्या जिंकणारा संघ विजयी होतो.

या नियमांत भूमीविषयी एक अक्षरही नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. रक्षकांनी कोठे उभे राहावे, आक्रमकांनी कोणत्या वाटेने यावे, कोणाला कोण आधी दिसावे, हे सर्व नकाशा ठरवतो. क्रिकेटच्या नियमपुस्तिकेवरून सामना कळत नाही. त्यासाठी खेळपट्टी पाहावी लागते. येथे तर खेळपट्टीला भिंती, जिने, बोगदे आणि अंधार आहे. साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत बोलावयाचे तर नियम हे व्याकरण आहे आणि नकाशा ही संहिता.

२. 'डस्ट' ते 'डस्ट-२' : समतोलाचा शोध

या संहितांपैकी सर्वाधिक परिचित संहिता म्हणजे 'डस्ट-२'. तिचा कर्ता डेव्हिड जॉन्स्टन हा त्या वेळी विद्यार्थिदशेत असलेला ब्रिटिश तरुण. त्याने १९९९ मध्ये 'डस्ट' हा नकाशा केला आणि मार्च २००१ मध्ये 'डस्ट-२' प्रसिद्ध झाला. 'डस्ट'मधील पिवळसर दगड, कमानी आणि लाकडी खोकी लोकप्रिय झाली; परंतु स्पर्धेच्या दृष्टीने तो नकाशा रक्षकांना फार अनुकूल होता. आक्रमकांना मोजक्या अरुंद वाटांतून यावे लागे व तेथे रक्षक आधीच नेम धरून बसलेले असत. 'डस्ट-२'मध्ये तीच सामग्री राहिली, मात्र तिची मांडणी पूर्णतः नवी झाली.

वरून पाहिल्यास 'डस्ट-२' दोन वर्तुळे एकमेकांना चिकटवावीत तसा दिसतो. एका टोकाला आक्रमकांचा आरंभबिंदू आहे. तेथून तीन दिशांना वाटा फुटतात. एका बाजूने 'लाँग' नावाचा लांब, मोकळा रस्ता 'ए'कडे जातो. दुसऱ्या बाजूने अंधारे बोगदे 'बी'कडे जातात. या दोहोंच्या मध्ये 'मिड' ही सामाईक पट्टी आहे. तिच्यातून 'शॉर्ट' या उंचावरील अरुंद वाटेने 'ए'ला पोहोचता येते, तसेच दारांतून शिरून 'बी'लाही वळसा घालता येतो. रक्षकांचा आरंभबिंदू दोन्ही जागांच्या दरम्यान असल्यामुळे त्यांना एकीकडून दुसरीकडे लवकर जाता येते. आक्रमकांना बेत बदलावयाचा झाल्यास बरेच अंतर मागे फिरावे लागते. मात्र बेत कोणता हे आक्रमकांना ठाऊक असते, रक्षकांना नसते. एका पक्षाकडे अंतराचा लाभ आहे, दुसऱ्याकडे ज्ञानाचा.

या रचनेचे विश्लेषण करताना बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. कलाकृतीतील घटकांची जुळणी संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयनियमांनी होते, असे मर्ढेकरांनी प्रतिपादिले. 'डस्ट-२'ला ही परिभाषा लावून पाहता येते. 'लाँग'च्या तोंडाशी, 'मिड'मध्ये आणि 'बी'जवळ अशा तीन ठिकाणी दुहेरी लाकडी दारे येतात. एकच आकृतिबंध तीनदा येतो आणि प्रत्येक वेळी त्याच्याआड धोका असू शकतो, हे खेळाडू शिकतो, हा संवाद. 'लाँग'वरील उन्हात दूरवरचा नेम लागतो, तर बोगद्यातील अंधारात हातभर अंतरावर गाठ पडते, हा विरोध. आणि अंतर विरुद्ध ज्ञान हा जो व्यवहार वर सांगितला तो समतोल होय.

तथापि चित्रातील किंवा शिल्पातील समतोल आणि नकाशातील समतोल यांत एक मूलभूत फरक आहे. चित्रातील समतोल डोळ्यांना एका दृष्टिक्षेपात जाणवतो. नकाशातील समतोल काळात घडतो. येथे लांबी म्हणजे वेळ. हाती केवळ सुरी असलेला खेळाडू सेकंदाला २५० एकके धावतो. एके-४७ घेतलेला २१५ आणि एडब्ल्यूपी ही दूरवेधी बंदूक घेतलेला २००. म्हणून भिंत चार पावले पुढे सरकवणे म्हणजे कोणता पक्ष कोपऱ्यावर आधी पोहोचणार हे बदलणे. त्यात आवाजाची भर पडते. धावणाऱ्याची पावले ऐकू येतात, सावकाश चालणाऱ्याची येत नाहीत. म्हणजे लपून जाण्याची किंमतही वेळातच मोजावी लागते. नकाशाकार भिंती बांधतो असे दिसत असले तरी तो प्रत्यक्षात सेकंदांची वाटणी करीत असतो.

'मिड'मधील दारे या वाटणीचे उत्तम उदाहरण आहे. ती पूर्ण मिटलेली नसतात. मधे एक चिंचोळी फट असते. फेरी सुरू होताच 'बी'कडे जाणाऱ्या रक्षकाला या दारांमागून धावत जावे लागते, आणि दीर्घकाळ या नकाशाच्या प्रचलित रूपात आक्रमकाला आपल्या आरंभस्थानापासूनच त्या फटीवर नेम धरता येत असे. फेरीच्या पहिल्या काही सेकंदांतच एखादा बळी जाण्याची शक्यता त्यामुळे निर्माण होई. ही फट म्हणजे रचनेतील दोष की गुण, यावर मतभेद संभवतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ती गुण आहे, कारण तिच्यामुळे अगदी पहिले पाऊलही निर्णय ठरते : आता धावावे, थांबावे, की धुराचा गोळा टाकून मग जावे?

येथे एक आक्षेप उपस्थित होतो. सामन्याच्या मध्यावर पक्षांची अदलाबदल होतच असेल, तर नकाशा एका बाजूला झुकलेला असल्याने काय बिघडते? दोन्ही संघांना झुकलेली बाजू सारखीच मिळते. हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याच्या उत्तरातून समतोलाचा खरा अर्थ स्पष्ट होतो. निकालातील न्याय अदलाबदलीच्या नियमानेच साधला जातो. त्यासाठी समतोल नकाशाची आवश्यकता नाही. समतोल हवा तो प्रत्येक फेरीतील निर्णयाला अर्थ राहावा म्हणून. फेरी कोण जिंकणार हे भूमीनेच ठरवून टाकले, तर खेळाडूचे शहाणपण आणि त्याचा मूर्खपणा यांत फरक उरत नाही.

'न्यूक' या नकाशाची तुलना या संदर्भात उद्बोधक ठरेल. अणुऊर्जा प्रकल्पाच्या परिसरात कल्पिलेल्या या नकाशात 'ए' आणि 'बी' या जागा शेजारी नसून एकीच्या खाली दुसरी अशा आहेत. साहजिकच रक्षकांना लवकर एकीकडून दुसरीकडे जाता येते आणि परंपरेने हा नकाशा त्यांच्याकडेच झुकलेला मानला गेला. तरीही तो टाकाऊ ठरला नाही. २०१६ मध्ये नव्याने बांधून तो पुन्हा स्पर्धेत आणला गेला. याचे कारण असे की वळणाऱ्या खेळपट्टीवर चौथ्या डावात काढलेल्या पन्नास धावांना जे मोल असते, तेच येथे आक्रमक म्हणून मिळवलेल्या चार-पाच फेऱ्यांना असते. समतोल म्हणजे समसमान वाटणी नव्हे. कठीण बाजूलाही काही करून दाखवण्यास वाव असणे म्हणजे समतोल.

३. कर्त्याचा हेतू आणि संहितेतील शक्यता

नकाशा ही संहिता मानली, तर तिचा अर्थ कोण ठरवतो हा समीक्षेतील जुना प्रश्न येथेही उद्भवतो. २०१४ मधील एक प्रसंग या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. स्वीडनमधील 'ड्रीमहॅक विंटर' स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व सामन्यात स्वीडनचा फनॅटिक आणि फ्रान्सचा एलडीएलसी हे संघ 'ओव्हरपास' या नकाशावर खेळत होते. फनॅटिकच्या खेळाडूंनी एकमेकांच्या डोक्यावर चढून असे एक ठिकाण गाठले की तेथून नकाशाचा मोठा भाग दिसू लागला. कर्त्यांनी तेथे कोणी उभे राहील अशी कल्पनाच केलेली नव्हती. पिछाडीवर असलेला हा संघ सामना जिंकला. एलडीएलसीने हरकत घेतली. आयोजकांनी पुन्हा खेळण्याचा निर्णय दिला. अखेरीस फनॅटिकने माघार घेतली आणि पुढे एलडीएलसीने ती स्पर्धा जिंकली. ती जागा नंतर व्हॉल्व्हने नकाशात बदल करून बंद केली.

नियमांच्या अंगाने हा वाद तेथे मिटला. समीक्षेच्या अंगाने तो मिटत नाही. एकमेकांवर चढून उंच जागा गाठणे हा या खेळातील मान्य डावपेच आहे. अनेक नकाशांत तो अपेक्षितच असतो. मग याच वेळी तो अन्याय का ठरला? याचे उत्तर असे देता येईल : नकाशा हा दोन्ही पक्षांमधील एक अलिखित करार असतो. 'मी तुला पाहू शकतो, तर तूही मला पाहू शकतोस' हे त्यातील मुख्य कलम. त्या उंचीवरून पाहणाऱ्याला शत्रूच्या हालचाली दिसत होत्या; शत्रूला मात्र आपण तेथून पाहिले जाऊ हे कल्पनेतही नव्हते. बारकाईने वाचणाऱ्याने संहितेत कर्त्यालाही न दिसलेला अर्थ शोधला, हे खरे. परंतु तो अर्थ ज्या परस्परतेवर संहिता उभी होती तिलाच छेद देणारा होता. सर्जनशील वाचन आणि संहितेचा भंग यांमधील सीमारेषा आखण्यास हा निकष साहित्यातही उपयोगी पडावा.

४. निर्मनुष्य गाव

आतापर्यंतचे विवेचन रूपाविषयीचे झाले. आता त्या रूपासाठी काय वगळले जाते, ते पाहू.

'डस्ट'मधील गाव कोणते, हे सांगता येत नाही. जॉन्स्टनला त्याची प्रेरणा मिळाली ती 'टीम फोर्ट्रेस २' या तेव्हा तयार होत असलेल्या खेळाच्या प्रसिद्ध झालेल्या चित्रांवरून. आणि तो खेळ २००७ मध्ये प्रत्यक्ष आला तेव्हा त्याचे रूप पूर्णतः वेगळे होते. म्हणजे हे वाळवंटी गाव कोणत्याही गावावरून नव्हे, तर कधीच अस्तित्वात न आलेल्या खेळाच्या चित्रावरून जन्मले. त्यात कमानी आहेत, पण घरात शिरण्याजोगे दार नाही; खोकी आहेत, पण दुकान नाही; रस्ते आहेत, पण पाणवठा नाही. 'इन्फर्नो' या भूमध्यसागरी खेड्याच्या नकाशात चर्च आहे, घरे आहेत, आणि 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह'च्या काळापासून त्याच्या गल्ल्यांत कोंबड्या फिरताना दिसतात. कोंबड्यांचा धनी मात्र कोठेच नाही.

याला रचनेतील कारण आहे. जे हलते ते शत्रू किंवा मित्र, हा या खेळातील वाचनाचा पाया होय. रस्त्यातून जाणारी एखादी वृद्धा किंवा खेळणारे मूल आले, तर नेम धरणाऱ्याला क्षणभर विचार करावा लागेल. आणि तो क्षण समतोलाच्या गणितात बसत नाही. या संदर्भात ओलिसांचे उदाहरण बोलके आहे. सुरुवातीच्या काळात ओलिसांची सुटका हा या खेळाचा एक प्रमुख प्रकार होता व त्यासाठी 'असॉल्ट', 'ऑफिस', 'इटली' असे स्वतंत्र नकाशे होते. परंतु स्पर्धा गंभीर होत गेली तसे हे नकाशे बाजूला पडले; मोठ्या स्पर्धांसाठी निवडल्या जाणाऱ्या सात नकाशांच्या संचात केवळ बॉम्बचे नकाशे उरले. वाचवावयाची माणसे गेली, राखावयाची जागा उरली. खेळ अधिक रेखीव झाला, हे मान्य करावे लागेल. पण ज्यांच्यासाठी लढावयाचे ती माणसे या रेखीवपणासाठी वगळली गेली, हेही नमूद करावे लागेल.

'डस्ट-२' मार्च २००१ मध्ये आला. त्यानंतर सहा महिन्यांनी न्यूयॉर्कवरील हल्ला झाला आणि २००३ पासून इराकमधील धुळीचे रस्ते, सपाट छपरे आणि सशस्त्र सैनिक जगभरच्या दूरचित्रवाणीवर रोज दिसू लागले. नकाशा बदलला नव्हता. त्याभोवतीचे जग बदलले होते. वित शिस्लर या चेक अभ्यासकाने २००८ मध्ये संगणकीय खेळांतील अरब जगाच्या चित्रणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील प्रदेश एकतर काळाबाहेरचा अद्भुत म्हणून किंवा केवळ शत्रूंचे रणक्षेत्र म्हणून येतो, याकडे त्याने लक्ष वेधले. 'डस्ट-२'ने कोणाची निंदा केलेली नाही. परंतु ज्या प्रदेशात माणसे राहतात तो प्रदेश माणसांविना पाहण्याची सवय त्याने लाखो डोळ्यांना लावली असेल काय, हा प्रश्न गैरलागू नाही. १९९३ आणि २००८ ची मुंबई ज्यांच्या स्मरणात आहे, त्या मराठी वाचकाला तर 'दहशतवादी' हे एका संघाचे नाव म्हणून ऐकताना हा रिकामेपणा अधिकच जाणवावा.

मर्ढेकरप्रणीत रूपविचाराची मर्यादा येथे स्पष्ट होते. लयीचे नियम 'डस्ट-२' सुंदर का, हे सांगतात. ते गाव कोणाचे, हे सांगत नाहीत.

५. नावांनी वसलेले गाव

परंतु गाव रिकामेच राहत नाही. कोणत्याही नकाशावर संघाने खेळावयाचे म्हणजे शत्रू कोठे दिसला हे सहकाऱ्यांना तत्काळ सांगावे लागते. आणि त्यासाठी प्रत्येक कोपऱ्याला नाव लागते. ही नावे बहुतांशी खेळणाऱ्यांनी पाडली आहेत. 'इन्फर्नो'मधील वळणदार वाट तिच्या आकारामुळे 'बनाना' झाली. 'डस्ट-२'मध्ये 'मिड'कडे उतरणारी आक्रमकांची उघडी वाट 'सुइसाइड' झाली, कारण तेथे पाऊल टाकणारा समोरच्या नेमबाजाच्या तोंडी जातो. 'ए'वर हंसाचे चित्र असलेला कोपरा 'गूज' झाला. खेड्यात वाकडा आंबा, भुताचा चिंच, तीन वाटांचा माळ अशी नावे ज्या रीतीने पडतात, त्याच रीतीने ही पडली आहेत : आकारावरून, धोक्यावरून, एखाद्या खुणेवरून.

महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत २००० नंतरच्या दशकात सायबर कॅफे पसरले. शेजारी-शेजारी मांडलेल्या संगणकांवर मुले 'काउंटर-स्ट्राइक १.६' खेळत, आणि तो प्रामुख्याने 'डस्ट-२'वर. त्या गोंगाटात 'लाँगला दोघं आहेत', 'टनेलमधून येतोय', 'शॉर्टवर एक, मिड सोडू नको' अशी वाक्ये कानी पडत. इंग्रजी नावांना मराठी विभक्तिप्रत्यय लागले की ती नावे बोलणाऱ्याची होतात. परक्या देशातील विद्यार्थ्याने दुसऱ्या खेळाच्या चित्रावरून रचलेले, कोणाचेच नसलेले गाव 'ला', 'वर', 'मधून' या प्रत्ययांनी आपले झाले. भाषाभ्यासकांनी या बोलीची नोंद करून ठेवणे अगत्याचे आहे. ते कॅफे बहुतेक बंद पडले आहेत आणि ती बोली कोणी लिहून ठेवलेली नाही.

नावांखेरीज आठवणीही नकाशावर उमटतात. २०१४ मध्ये कोलोन येथील स्पर्धेत 'ओलोफमाइस्टर' या खेळाडूने 'ओव्हरपास'वर आगीत उभे राहून बॉम्ब निकामी केला. २०१६ मध्ये कोलंबस येथील स्पर्धेत 'कोल्डझेरा'ने 'मिराज'वर उडी मारत दूरवेधी बंदुकीने चौघांना टिपले. व्हॉल्व्हने या दोन्ही प्रसंगांच्या स्मरणार्थ त्या-त्या जागी भिंतीवर चित्रखुणा उमटवल्या. गावाच्या वेशीवर वीरगळ उभा करावा, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की वीरगळावरील वीर गावासाठी पडलेला असतो. येथे गाव नाही, म्हणून पराक्रमच गावाची जागा घेतो.

मात्र हे गाव खेळणाऱ्यांच्या मालकीचे नाही, हेही विसरता येत नाही. 'डस्ट-२' फेब्रुवारी २०१७ मध्ये स्पर्धेच्या संचातून काढला गेला, नव्या रूपात एप्रिल २०१८ मध्ये परत आला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा वगळला गेला आणि एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा आला. प्रत्येक वेळी निर्णय कंपनीचा होता. नावे लोकांची आणि भूमी कंपनीची, असा हा संबंध आहे.

६. आपल्या डोंगरातील रिकामे स्थळ

येथवरची चर्चा दूरच्या वाळवंटाविषयी होती. तीच कसोटी जवळच्या भूमीला लावून पाहिली पाहिजे. रायट गेम्स या कंपनीने २०२० मध्ये 'व्हॅलोरंट' हा याच परंपरेतील खेळ आणला. त्यातील 'लोटस' हा जानेवारी २०२३ मध्ये आलेला नकाशा भारतातील पश्चिम घाटात कल्पिलेला आहे. झाडीने वेढलेली दगडी प्राचीन वास्तू, कमळाचे आकृतिबंध आणि फिरणारी दगडी दारे अशी त्याची मांडणी आहे.

रचनेच्या दृष्टीने 'लोटस'मध्ये नवीनता आहे. बॉम्बसदृश यंत्र ठेवण्याच्या जागा दोन नसून तीन आहेत. त्यामुळे पाच रक्षकांची विभागणी अधिक अवघड होते. दगडी दार फिरवले की वाट उघडते, पण त्याच्या घरघराटाने शत्रूला सुगावा लागतो. वाट आणि गुप्तता यांपैकी एकच मिळते. हा समतोल काळजीपूर्वक साधलेला आहे. एक दार तर फोडावे लागते, आणि ते एकदा फोडले की त्या फेरीपुरते परत मिळत नाही.

पण स्थळाचे काय? पश्चिम घाट हा प्राचीन आणि गूढ आहे, एवढेच येथे अभिप्रेत दिसते. प्रत्यक्ष घाटातील दगडी वास्तू इतक्या मुक्या नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट येथील दात्यांची नावे कोरलेली आहेत. हा खांब कोणी दिला हे दोन हजार वर्षांनंतरही वाचता येते. 'लोटस'मधील अवशेष कोणी उभारले, तेथे कोण राबले, हे विचारण्याची सोयच नाही. वाळवंटी गावाविषयी आपण जी तक्रार वाचून मान डोलावली असती, ती सह्याद्रीच्या बाबतीत आपल्याला स्वतःला जाणवते. कदाचित दुसऱ्याच्या गावाचे रिकामेपण कळण्यासाठी आपले गाव एकदा असे रिकामे झालेले पाहणे उपकारक ठरावे.

असे असले तरी 'लोटस' पाहून मराठी खेळाडूला आनंद होत नाही, असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. जगाच्या पटावर आपला डोंगर आला, याचे समाधान खरे आहे. त्या समाधानाला समीक्षेने हिणवू नये. फक्त डोंगरासोबत डोंगरातील माणूस का आला नाही, एवढे विचारावे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) स्पर्धात्मक नेमबाजीच्या खेळात नकाशा ही पार्श्वभूमी नसून मुख्य संहिता आहे. नियम थोडे असतात. अर्थ भूमी निर्माण करते.

२) नकाशातील समतोल अवकाशात दिसत असला तरी काळात घडतो. त्याचे प्रयोजन निकालातील समानता हे नसून खेळाडूच्या निर्णयाला अर्थ प्राप्त करून देणे हे आहे.

३) संहितेत लपलेल्या शक्यता शोधणे हा खेळाडूचा अधिकार आहे, परंतु ज्या परस्परतेवर नकाशा उभा असतो तिचा भंग करणारे वाचन त्या अधिकारात बसत नाही.

४) नकाशाचा रेखीवपणा आणि त्याचे निर्मनुष्यत्व ही एकाच प्रक्रियेची दोन अंगे आहेत. त्यांतील एकाची प्रशंसा करताना दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणे समीक्षेला परवडणारे नाही.

५) कर्त्याने रिकामे ठेवलेले स्थळ खेळणारे लोक नावे, बोली आणि स्मृती यांनी वसवतात. हा सांस्कृतिक ठेवा कंपनीच्या दप्तरात नव्हे, तर लोकांच्या बोलण्यात आहे. म्हणून त्याची नोंद विद्यापीठीय अभ्यासाने करावयास हवी.

संगणकीय खेळांच्या मराठी परिभाषेचा अभाव हा या अभ्यासातील पहिला अडसर आहे. तथापि आपल्या सौंदर्यविचाराची, लोकसाहित्याच्या अभ्यासाची आणि स्थळनामांच्या संशोधनाची साधने या नव्या विषयालाही लावता येतात. एखाद्या कादंबरीतील गावाच्या वेशीपासून पाणवठ्यापर्यंतचा नकाशा आपण समीक्षेत मनाने रेखाटतो. ज्या गावात एका पिढीने आपल्या तारुण्यातील शेकडो संध्याकाळी घालवल्या, त्या गावालाही तेवढे लक्ष मिळावे.